काया आणि कायक

सोलापूरच्या नवी पेठेत दिवे लागायच्या वेळी गेलात तर कापडाच्या दुकानांच्या दारांत ओळीने उभे असलेले पुतळे दिसतील. कोणाला शेरवानी घातलेली, कोणाला काठपदरी साडी नेसवलेली, कोणाच्या खांद्यावर सोलापुरी चादर घडी मोडून टाकलेली. त्यांना डोके आहे, खांदे आहेत, दहाही बोटे आहेत, आणि देहाचे प्रमाण तर आपल्याहून नेटके आहे. त्यांच्याच शेजारून, पाठीवर कापडाची गाठ घेतलेला एक हमाल दुकानाच्या कडेच्या अरुंद लाकडी जिन्याने माडीवरच्या गोदामाकडे चढत असतो. गाठ जिन्याहून थोडीच अरुंद, म्हणून तो अंग तिरके करतो. पायरीची कड दिसत नाही, म्हणून उजव्या पायाच्या अंगठ्याने ती आधी चाचपतो आणि मगच भार टाकतो. वळणावर भिंतीला कोपर टेकवून एक श्वास घेतो आणि उरलेल्या चार पायऱ्या एका दमात चढून जातो. कित्येक वर्षे मी या दोघांकडे, पुतळ्याकडे आणि हमालाकडे, पाहत आलो आहे, आणि दर वेळी एकच शब्द मनात घोळत राहतो. तो शब्द म्हणजे कायक.

आधी शब्दाच्या वाटेनेच जाऊ. संस्कृतात ‘काय’ म्हणजे देह. तोच मराठीत काया होऊन आला. प्रवचनात आपण कायिक, वाचिक, मानसिक अशी त्रिविध सेवा ऐकतो, तेव्हा त्या तिन्हींत देहाची पायरी पहिली, आणि म्हणूनच सर्वांत खालची, असे आपल्याला नकळत वाटून जाते. बाराव्या शतकातल्या शिवशरणांनी, म्हणजे कन्नड वचने रचणाऱ्या शिवभक्तांनी, ही खालची मानलेली पायरी उचलली आणि नेऊन गाभाऱ्यात ठेवली. देहाने, कष्टाने, सचोटीने केलेले काम म्हणजे कायक. कैलास कुठे दूर नाही, तो या कामातच आहे, अशी त्यांची धारणा. त्यांची नावेच पाहा. नुलिय चंदय्या दोर वळत, मेदार केतय्या बांबूच्या टोपल्या विणत, आणि त्यांच्याही आधीचे जेडर दासिमय्या मागावर बसत. धंदा नावाच्या पुढे लागतो, एखाद्या बिरुदासारखा. शब्द कन्नड वचनांतून आला खरा, पण आमच्या गावात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच ओट्यावर बसून बोलतात, त्यामुळे तो इथे कोणाला परका वाटत नाही. आणि ज्यांच्यामुळे सोन्नलगीचे सोलापूर झाले ते शिवयोगी सिद्धरामेश्वर तर कायकाचेच मूर्तिमंत रूप: त्यांनी तळे खोदवले, गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापली, आणि त्यांची भक्ती मातीच्या पाट्यांतून वाहिली गेली.

मग आजच हा शब्द पुन्हा हाती घेण्याचे कारण काय? कारण असे की यंत्राला माणसाची काया देण्याचा उद्योग आता प्रयोगशाळेतून कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला आहे. १९७३ साली टोकियोच्या वासेदा विद्यापीठात इचिरो काटो यांच्या चमूने वाबोट-१ नावाचा मानवाकार यंत्रमानव उभा केला. एक पाऊल टाकायला त्याला जवळपास पाऊण मिनिट लागे. होंडा कंपनीने १९८६ पासून गाजावाजा न करता चालण्याचाच अभ्यास केला आणि २००० साली असिमो जगापुढे आणला. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका गोदामात डिजिट नावाचे दोन पायांचे यंत्र रोजच्या कामाला लागले; काम काय, तर प्लास्टिकचे क्रेट एकीकडून उचलून दुसरीकडे ठेवणे. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूच्या स्पार्टनबर्ग कारखान्यात अशाच एका यंत्राने पत्र्याचे भाग उचलून साच्यात बसवून दाखवले. आपल्या पुण्यातही, डीआरडीओच्या अभियांत्रिकी आस्थापनेत, जोखमीच्या जागी माणसाऐवजी पाठवता येईल असा मानवाकार यंत्रमानव घडवण्याचे काम चालू आहे. म्हणजे काया तयार होते आहे. प्रश्न आपल्या शब्दाचा आहे: कायेपाठोपाठ कायक येते का?

घाईने उत्तर देऊ नये. रचनाकाराचा पहिला प्रश्न त्याहून साधा असतो: यंत्राला माणसाचा आकार हवाच कशाला? १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात युनिमेट नावाचा पहिला औद्योगिक यंत्रमानव कामाला लागला, तेव्हा तो एक नुसता हात होता. तापलेले ओतीव भाग उचलणारा, जमिनीला घट्ट बोल्टने आवळलेला. चाकणच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१० पासून माणसांच्या शेजारी उभे राहून काम करणारे यंत्र-हात आले, तेही हातच. मग डोके, धड, पाय यांचा खटाटोप का?

उत्तर नवी पेठेतल्या त्या जिन्यात आहे. हातगाडी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि थांबते. पुढचे जग चाकासाठी बांधलेले नाही, ते गुडघा, कोपर, खांदा आणि मूठ यांच्या मापाने बांधलेले आहे. पायरीची उंची कोणी ठरवली? गुडघ्याने. कडीची उंची? कोपराने. दांड्याची जाडी? मुठीने. आपल्या जुन्या मापांत हे उघड दिसते: अंगुळ, वीत, हात, आणि विहिरीची खोली मोजायची तर पुरुष. काया हीच आमची मोजपट्टी होती, म्हणून घर, गाव, माग, गिरणी हे सगळे कायेचे विस्तारलेले रूप झाले. जे यंत्र या जगात जसेच्या तसे, भिंती न पाडता, काम करायला येणार, त्याला या मोजपट्टीत बसावे लागते, हा मानवाकाराच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद आहे. मात्र त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. नव्या कारखान्याची जमीन सपाट असते, तिथे पायांपेक्षा चाके बरी. म्हणून कितीएक रचनाकार आता धड आणि हात माणसाचे ठेवतात आणि खाली चाकांचा पाट लावतात. यात मला शब्दाचाच एक पदर उलगडताना दिसतो. ‘काय’ आधी आणि ‘क’ नंतर असा शब्द लिहिला जात असला, तरी अर्थाने कायक आधी आणि काया नंतर. कामाला जेवढी काया लागते तेवढीच द्यावी. दारातल्या पुतळ्यासारखी सर्वांगसुंदर काया, जिला काही करायचे नाही, ती नुसती शोभेची.

आता उभे राहण्याकडे येऊ. आपण उभे राहतो तेव्हा काही करत नाही असे आपल्याला वाटते. तो समज किती चुकीचा आहे हे संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सोलापूरकर दरवर्षी डोळ्यांनी पाहतो. सात नंदीध्वज निघतात, माणसाच्या कित्येक पट उंच, सजवलेल्या काठ्या. पांढऱ्या बाराबंदीतला एकेक भक्त तो ध्वज उभा तोलून चालतो. यात्रेच्या आधी कितीतरी दिवस रात्री-रात्री सराव चालतो. तो सराव जवळून पाहा. पेलणारा ध्वजाच्या बुडाकडे पाहत नाही, त्याची नजर शेंड्यावर खिळलेली असते. शेंडा ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला त्याचे पाऊल आधीच सरकलेले असते. पडू पाहणाऱ्याच्या खाली जाऊन त्याला आधार द्यायचा, हेच तोल सांभाळण्याचे रहस्य. जाणते लोक नवशिक्याच्या हातांकडे लक्ष देत नाहीत, त्याच्या पावलांकडे देतात. आणि ध्वज उंच असणे हे संकट तर आहेच, पण एका अर्थी साहाय्यही आहे, कारण लांब काठी सावकाश कलते आणि सावरायला वेळ देते. तळहातावर पेन्सिल उभी करून पाहा, ती क्षणात पडेल.

दोन पायांवरच्या यंत्राचे सगळे गणित याच सरावाचे आहे. अभियंते त्याला उलटा लंबक म्हणतात: जड टोक वर, टेकू खाली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस बेलग्रेडच्या मिओमिर वुकोब्रातोविच यांनी या तोलाला एक नेमकी संकल्पना दिली: तळपायाखाली असा एक बिंदू शोधायचा की जिथे देहाला कलंडवू पाहणारे बल शून्य होते, आणि तो बिंदू पावलाच्या आत राहील अशी हालचाल करायची. असिमोसारखी यंत्रे गुडघे वाकवून, जपून जपून चालत, त्यामागे हाच हिशेब होता. आजची यंत्रे त्याहून मोकळी चालतात, ढकलले तर पाऊल टाकून सावरतात. पण त्यासाठी त्यांच्या सांध्यांना सेकंदाला शेकडो वेळा सूक्ष्म दुरुस्ती करत राहावे लागते, घोट्यात, गुडघ्यात, कमरेत. म्हणजे जे नुसते उभे राहणे आपण काम धरत नाही, ते देहाचे अखंड, न बोलता चाललेले काम आहे. उभे राहणे हेही कायक. रांगेत, मागापाशी, गिऱ्हाइकापुढे आयुष्यभर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पोटऱ्यांना हे कोणी सांगावे लागत नाही.

आणि इथे एक गोष्ट आहे जिच्याकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो, कारण रचनाकारांची खरी झोप तिने उडवली आहे. कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला लाल बटण असते. दाबले की वीज तुटते आणि यंत्र थांबते. जमिनीला आवळलेला हात वीज गेल्यावर आपल्या ब्रेकवर जागच्या जागी थिजतो, आणि शेजारचा कामगार सुरक्षित राहतो. दोन पायांच्या यंत्राची वीज तोडली तर ते थांबत नाही, ते पडते. माणसाच्या वजनाचा, धातूचा देह शेजारच्यावर कोसळतो. ज्याचे उभे राहणेच काम आहे, त्याचे काम बंद करणे म्हणजे त्याला पाडणे. म्हणून आता सुरक्षेचे नवे नियम वेगळे लिहिले जात आहेत: आधी गुडघे टेकावेत, बसावे, हातातले ओझे खाली ठेवावे, आणि मग निवावे. मला यात फार मोठी शहाणीव दिसते. कामात कसे उतरावे हे सर्वजण शिकवतात. कामातून कोणाला इजा न करता कसे बाहेर यावे, हे शिकवावे लागते ते यंत्रालाही आणि माणसालाही.

पायांपेक्षा हाताचे प्रकरण अवघड. माणसाच्या एका हातात २७ हाडे; बोटांना हलवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात आणि दोरांसारख्या कंडरांनी बोटे ओढतात. तळव्याच्या आणि बोटांच्या त्वचेत स्पर्श ओळखणारी टोके सुमारे १७ हजार. रचनाकारापुढे दोनच वाटा राहतात: मोटारी तळव्यात कोंबायच्या, म्हणजे हात जाड होतो आणि तापतो, किंवा त्या कोपराखाली नेऊन तारांनी बोटे ओढायची, म्हणजे तारा झिजतात, सैल पडतात, तुटतात. दोन्ही वाटांनी जाणारे आहेत, आणि दोन्हींना आपल्या मनगटाची सर यायला अजून पुष्कळ अवकाश आहे.

हाताचे कायक म्हणजे काय, हे आमच्या गावाने मागावर शिकले. चादरीवरची नक्षी जॅकार्डवर विणली जाते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ वर फिरते, जिथे भोक तिथे धागा उचलतो, जिथे नाही तिथे राहतो. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार यांनी १८०४च्या सुमारास सिद्ध केलेली ही युक्ती पुढे गणकयंत्राच्या कल्पनेलाही प्रेरणा ठरली. म्हणजे मोर कुठे नाचावा, वेल कुठे वळावी, हे सगळे स्मरण विणकराच्या डोक्यातून निघून कार्डात गेले, याला दोन शतके झाली. पण धागा तुटला तर? माग थांबतो. विणकर वाकतो. शेकडो धाग्यांच्या पडद्यात एक रिकामी फट असते. ती डोळ्याला दिसायच्या आधी त्याच्या तर्जनीला लागते. तुटलेले टोक तो ओलसर बोटांनी चिमटीत धरतो, दुसरे टोक फणीच्या दातांतून ओढून घेतो, दोन्ही एकमेकांवर ठेवून अंगठ्याने एक पीळ देतो, आणि नजर पुन्हा वर जाते तोवर गाठ बसलेली असते. ती इतकी बारीक की पुढे कापडावरून हात फिरवला तरी कळू नये. नक्षी कार्डात गेली, गाठ मात्र बोटांतच राहिली. बुद्धीची म्हणून जी कामे आपण थोर मानली ती यंत्राला लवकर साधली, आणि ज्या कामांना आपण अडाण्याची कामे म्हटले, सैल कापड धरणे, विडीचे पान वळणे, भाकरी थापताना पिठाचा ओलावा तळहाताने ओळखणे, ती कामे यंत्राच्या हाती लागता लागत नाहीत, हे रोबोटशास्त्रातल्या जाणत्यांनी १९८०च्या दशकातच नोंदवून ठेवले आहे. कायेला खालची पायरी मानणाऱ्या आपणा सर्वांना ही एक नम्र करणारी वार्ता आहे.

मराठीत यासाठी एक विलक्षण शब्द आहे: अंगवळणी. काम डोक्यात बसत नाही, ते अंगाच्या वळणात जाऊन बसते. मग यंत्राच्या अंगवळणी काम पाडायचे कसे? नियम लिहून ते होत नाही, हे अभियंत्यांना कळून चुकले. म्हणून आता माणसाच्या अंगातले वळणच उचलले जाते. एखादा कामगार हातांत मोजे आणि डोळ्यांवर चष्मा चढवून दुरून यंत्राचे हात हलवतो, तेच काम शेकडो वेळा करून दाखवतो, आणि त्या हालचालींतून यंत्र शिकते. तमिळनाडूत करूर नावाचे गाव आहे, आमच्यासारखेच चादरी-टॉवेलांचे. तिथले तरुण कपाळावर कॅमेरा बांधून टॉवेलांच्या घड्या घालतात, एक घडी, मग तीच घडी, मग पुन्हा तीच, आणि ते चित्रण दूरदेशी यंत्रांना शिकवण्यासाठी जाते. टॉवेलाची कड कुठे धरावी, फुगा कसा काढावा, घडीवर हात कसा फिरवावा, हे त्यांना त्यांच्या आयांकडून आणि आज्यांकडून आलेले. उद्या एखादे यंत्र परदेशातल्या कारखान्यात सफाईने टॉवेल घडी करील, तेव्हा त्याच्या धातूच्या बोटांत करूरच्या कोणा आजीचे वळण असेल. म्हणून ‘यंत्र काम करते’ हे वाक्य मला अपुरे वाटते. यंत्रात कायक नाही असे म्हणून मोकळे होता येत नाही. यंत्रात कायक आहे, पण ते दुसऱ्यांचे आहे, साठवलेले, न सांगता आत ठेवलेले.

शब्दाचा आणखी एक पदर सुटायचा आहे, आणि तो आमच्या गावच्या कथेतच आहे. परंपरा सांगते की सिद्धरामेश्वर तळ्याच्या आणि देवळांच्या कामात गढलेले असताना शरणांमधले ज्ञानी अल्लमप्रभू सोन्नलगीला आले. चहूकडे कुदळी चाललेल्या, माती निघते आहे, दगड घडत आहेत. प्रभूंनी त्या महायोग्याला वड्डर म्हणून हाक मारली, दगडफोड्या. भोवतीचे लोक संतापले. पण त्या हाकेत उपहास नव्हता, प्रश्न होता: एवढे खोदतोस, तर खोदणाऱ्यालाही खोदून पाहिलेस का? तळे बाहेर भरेल, आत काय भरते आहे? त्यानंतर सिद्धराम प्रभूंबरोबर शरणांच्या कल्याण नगरीला गेले. पुष्कळजण या कथेचा अर्थ असा करतात की बाहेरचे काम हलके आणि आतले ज्ञान थोर. मला तो अर्थ पटत नाही. प्रभूंना कामच हलके वाटत असते तर ते एका खोदणाऱ्याच्या शोधात सोन्नलगीला आले नसते. मला दिसतो तो अर्थ असा की कायकाला दोन तोंडे असतात: एका तोंडाने ते जग घडवते, दुसऱ्याने करणाऱ्याला घडवते. हमाल गाठ माडीवर नेतो, आणि ती गाठ नेता नेता त्याचा तोल, त्याचा धीर, जिन्याच्या वळणावरचा तो एक श्वास हेही घडत जाते. यंत्र गाठ नेईल. कायकाचे पहिले तोंड ते चांगले सांभाळील. दुसऱ्या तोंडापुढे उभे राहायला तिथे कोणी नसते. शिकणारी यंत्रे दिवसागणिक सुधारतात हे खरे, पण घडत जाणे आणि सुधारत जाणे यांत मला अंतर दिसते, आणि ते अंतर ‘कायक’ या शब्दाने जितके स्वच्छ दाखवता येते तितके दुसऱ्या शब्दाने येत नाही.

याच्या अगदी समोर उभा असलेला शब्द आहे रोबोट. झेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली एक नाटक लिहिले, त्यात कारखान्यात घडवलेले कृत्रिम कामकरी होते. त्या कामकऱ्यांना काय म्हणावे हे चापेक यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी सुचवले. मूळ झेक शब्द रोबोटा. त्याचा अर्थ वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने मोबदल्यावाचून, इच्छेवाचून द्यायचे श्रमाचे दिवस. वाचकहो, जरा थांबून रोबोट आणि कायक हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत देहच राबतो. पण वेठीत देह राबतो आणि माणूस बाजूला काढलेला असतो. कायकात देहाबरोबर माणूस सगळाच्या सगळा उतरलेला असतो. यंत्राला वेठीचे नाव देणाऱ्याने, कळत असो वा नकळत, त्याच्या वाट्याला काय जावे हेही सांगून ठेवले. माझे मत स्पष्ट आहे. जिथे आज माणूस वेठीला धरला जातो, टॉवेलांच्या रंगाईच्या उकळत्या वाफेत, सुताच्या धुळीने छाती भरणाऱ्या खात्यात, शंभर किलोच्या गाठीखाली, तिसऱ्या पाळीच्या पहाटे तीन वाजता, तिथे धातूची काया यावी, आणि लवकर यावी. माथाडी या शब्दात माथा आहे. १९६९ साली महाराष्ट्राने त्या माथ्यासाठी कायदा केला, तो देशात आदर्श ठरला. पण कायदा ओझ्याचा मोबदला ठरवतो, ओझे मणक्यावरून उतरवत नाही. ते उतरवणारी वस्तू कोणी घडवत असेल तर तिचा रचनाकार माझ्या दृष्टीने नुलिय चंदय्यांच्या पंगतीला बसण्याच्या योग्यतेचा आहे.

मात्र शरणांनी कायक हा शब्द कधी एकटा ठेवला नाही. त्याच्या जोडीला दासोह आहे: श्रमाचे जे फळ आले त्यातले गरजेपुरते ठेवून उरलेले समाजाच्या पंगतीत वाढायचे. आयदक्की मारय्यांची गोष्ट सोलापूरच्या घराघरांत सांगतात. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे त्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा त्यांची पत्नी लक्कम्मा यांनी ते घरात घेतले नाहीत. आपल्या गरजेपेक्षा जास्त आहेत, जिथून आणले तिथे ठेवून या, म्हणाल्या. दारिद्र्यात राहणारी ती बाई उंबऱ्यावर उभी राहून नवऱ्याला आणि तांदळाला, दोघांनाही माप दाखवते. आता यंत्राची कल्पना करा. ते थकत नाही. बॅटरी काही तासांत संपली तरी बदलून पुन्हा उभे राहते. जितके वेचता येईल तितके वेचते. त्याच्या घराच्या उंबऱ्यावर लक्कम्मा कोण?

हा प्रश्न सोलापूरला पुस्तकातून शिकावा लागत नाही. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली आणि तिच्या मागोमाग इतर गिरण्या आल्या; गावाचा दिवस भोंग्याने उगवू लागला. हातमागावरच्या घरांपुढे यंत्र उभे राहिले. पुढे एकेक गिरणी बंद पडली, आणि गिरणीने अंगवळणी पाडलेली माणसे यंत्रमागाच्या शेडमध्ये गेली, घरातल्या बाया सुपात तंबाखू घेऊन विड्या वळू लागल्या. यंत्र आले तेव्हाही फळ कोणाच्या पंगतीत वाढले जावे हे कोणी विचारले नाही, आणि यंत्र गेले तेव्हाही विचारले नाही. मी गिरणीचा द्वेष करत नाही. तिच्या कापडाने या गावाला नाव दिले, भाकरी दिली. कायक झाले, दासोह राहून गेला, एवढेच मी म्हणतो. मानवाकार यंत्राची रचना करणारा तरुण मोटारीचा जोर, सांध्यांची संख्या, बॅटरीचे वजन यांचा हिशेब मांडतो, तेव्हा त्याच कागदावर आणखी एक रकाना असावा असे मला मनापासून वाटते: हे यंत्र ज्याचे वळण घेऊन आले, त्या करूरच्या घडी घालणाऱ्या हाताकडे, त्या विणकराच्या तर्जनीकडे, त्या हमालाच्या पाठीकडे परत काय जाते? तो रकाना अर्थशास्त्राचा आहे असे मला कोणी सांगेल. मी म्हणेन, तो रचनेचाच आहे. ज्या जिन्याच्या मापाने तुम्ही गुडघा घडवलात, त्याच जिन्यावर तो माणूस अजून उभा आहे.

परवा संध्याकाळी मी पुन्हा नवी पेठेत होतो. हमाल शेवटची गाठ वर ठेवून खाली उतरला, मोकळ्या हातांनी, पाठ सरळ करत. दुकानदार गिऱ्हाइकापुढे टॉवेल उलगडून दाखवण्यात गुंतला होता. दारातल्या पुतळ्याच्या खांद्यावरची चादर वाऱ्याने की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या धक्क्याने घसरून एका बाजूला लोंबत होती, तिची दशी पायरीला लागत होती. हमाल तिच्यापाशी थबकला. त्याने आधी आपले दोन्ही तळवे सदऱ्याला पुसले, उलटे-सुलटे करून पाहिले, मग चादर उचलली, दोन टोके जुळवून झटकली, पुतळ्याच्या खांद्यावर नीट बसवली, काठ पुढच्या बाजूला घेतला, आणि चौकाच्या दिशेने निघून गेला.